नऊ दिवसांची टेप

टेपचं टोक मी नखानं उचललं आणि हलक्या हातानं खाली ओढलं. आवाज आला तेव्हाच कळलं, काहीतरी चुकलंय. नीट सुटणारी टेप सळसळते. ही करकरली. वीतभर खाली येईपर्यंत तिच्याबरोबर भिंतीचा पिवळा रंग कांद्याच्या सालीसारखा निघून आला, आणि खिडकीच्या चौकटीचा चॉकलेटी रंगही खवल्याखवल्यानं सुटला. भिंत संपून लाकूड सुरू होतं तिथं एक सरळ रेघ दिसायला हवी होती. तिथं उंदरानं कुरतडल्यासारखं झालं होतं.

"अगं बाई," सासूबाई दारातून म्हणाल्या. "हे असंच निघतं?"

"नाही."

"मग?"

"मग काही नाही, आई. वाट लागली."

दसऱ्याची सकाळ होती. साडेनऊ वाजले होते, आणि बारा वाजता आप्पा, म्हणजे माझे वडील, आमच्या घरी पहिल्यांदा जेवायला येणार होते. आप्पा कुणाच्याही घरी गेले की आधी माणसं बघत नाहीत, खिडकीच्या कडा बघतात.

आप्पा रंगारी. ओगलेवाडीपासून कराडपर्यंत लोक त्यांना ज्ञानू पेंटर म्हणूनच ओळखतात. माझी आई गेली तेव्हा मी सहावीत होते. शाळेला सुट्टी असली की पोरीला एकटीला घरी कुठं ठेवायचं, म्हणून ते मला कामावर बरोबर न्यायचे. मी पॉलिश पेपर घासायची, डबे ढवळायची. दहावीपर्यंत मला खिडक्यांची कटिंग द्यायला लागले. रंगकामात सगळ्यात अवघड तेच. मोठ्या भिंतीवर रोलर कुणीही फिरवतं, पण चौकटीलगतची रेघ हातानं, न थरथरता, एका दमात ओढायची असते. ब्रश आधी कडेपासून बोटभर लांब टेकवायचा, रंग जरा पसरू द्यायचा आणि मग कडेला भिडवून श्वास सोडत सोडत खाली आणायचा. नजर ब्रशवर नाही, ब्रशच्या पुढे. आप्पांनी जन्मात टेप लावली नाही. "टेप लावली की हात शिकत न्हाई," म्हणायचे.

मग हर्षदशी माझं लग्न झालं आणि मी कराडला या घरात आले. गंमत म्हणजे हे घर चौदा वर्षांपूर्वी आप्पांनीच रंगवलेलं. खिडक्यांच्या निळ्या चौकटी त्यांच्याच हातच्या. तेव्हा सासरे होते. मी आले तेव्हा घरात हर्षद आणि सासूबाई दोघंच. सासूबाई पोस्टातून रिटायर झालेल्या. बत्तीस वर्षं काउंटरवर बसल्यामुळे प्रश्न सरळ विचारायचा आणि उत्तर मिळेपर्यंत खिडकी बंद करायची नाही, ही त्यांची सवय.

लग्नानंतर आठ महिन्यांत आप्पा चारदा येऊन गेले. कधी भुईमुगाच्या शेंगा घेऊन, कधी माझी राहिलेली पुस्तकं घेऊन. चारही वेळा बाहेरच्या पायरीवर बसले. "चपला चिखलाच्या हायत." "कापडं रंगाची हायत." "एस्टी चुकंल." मी तांब्या-भांडं घेऊन बाहेर जायची, ते पाणी प्यायचे, दोन शब्द बोलायचे आणि उठायचे. वडील पायरीवर आणि मी आत.

चौथ्या वेळेनंतर सासूबाईंनी विचारलंच. "सारिका, तुझ्या वडलांना आमच्या घराचं वावडं आहे का?"

"नाही हो आई. त्यांचा स्वभावच तसा आहे."

"स्वभाव? लग्नाच्या हॉलमध्ये तर सगळ्यांशी गप्पा मारत होते. इथंच काय होतं? आमचं काही चुकलंय का? चुकलं असेल तर तसं सांगावं माणसानं."

मला उत्तर माहीत नव्हतं. त्या दुखावल्यात एवढं मात्र कळलं. असंच चालू राहिलं तर हे दुखणं मुरेल, मग आप्पा पायरीवरही यायचे बंद होतील, याची मला भीती वाटायला लागली.

म्हणून मी दसरा निवडला. आमच्यात दसऱ्याला ब्रश, पट्ट्या, डबे, शिडी सगळं धुऊन पूजेत मांडतात. त्या दिवशी कुठल्याच हत्याराला हात लावत नाहीत. मी फोन केला.

"आप्पा, दसऱ्याला जेवायला या."

"कामं लई हायत गं."

"दसऱ्याला ब्रश पूजेत असतात. कसली कामं?"

मग, "बघू."

"बघू नाही. या. आई स्वतः बोलवतायत."

"बरं," आप्पा म्हणाले. पण त्यांचं ते 'बरं' मी ओळखून होते. येतील, आणि इस्त्रीच्या कपड्यांतही पायरीवर बसतील.

त्यांना आत ओढून आणेल असं काहीतरी हवं होतं. मग मनात आलं, आपण खिडकी रंगवू. पुढच्या खोलीची भिंत तशी पोपडे धरलेलीच होती. दारातून समोर दिसते ती खिडकी. तिची कड आप्पांना पायरीवरूनसुद्धा दिसली असती, आणि माझ्या हातची सरळ कड बघायला ते आल्याशिवाय राहिले नसते. एकदा आत आले की पुढचं मी आणि श्रीखंड बघून घेऊ.

सासूबाई आधी माणूस बोलवू म्हणाल्या. मी म्हटलं, मला येतं. येत होतंच. पण चौकट रंगवून झाली, भिंतीची वेळ आली आणि माझा हात चालेना. या घरात मी अजून जपून चालत होते, कप खाली ठेवताना आवाज होऊ देत नव्हते. त्या हातानं रेघ कशी ओढणार? हर्षद दुकानातून टेप घेऊन आला. आप्पांना काय कळतंय, म्हणून मी चौकटीवर चारही बाजूंनी टेप लावली आणि सर्वपित्री अमावास्येच्या संध्याकाळी भिंतीला शेवटचा हात मारला. टेप रंग ओला असतानाच काढतात, हे मला पक्कं माहीत होतं. पण त्या दिवशी वाडी दाखवणं, जेवणं, भांडी यातच वेळ गेला. म्हटलं, सकाळी उठल्या उठल्या काढू.

सकाळी उठले तर खिडकीखाली घट बसलेला. सासूबाईंनी पहाटेच आंघोळ करून पत्रावळीवर माती पसरली होती, धान्य पेरलं होतं, वर कलश ठेवला होता आणि खिडकीच्या गजाला दोरी बांधून पहिली माळ सोडली होती. शेजारी दिवा तेवत होता.

"आई," मी म्हटलं, "ती टेप तेवढी..."

"आता घट उठेपर्यंत भिंतीला हात लावायचा नाही."

"पण ती वाळली की..."

"रंगाचे पापुद्रे धान्यात पडतील. काही अडलंय का नऊ दिवसांनी?"

नऊ दिवस खिडकीतून ऑक्टोबरचं ऊन येत राहिलं, खालून दिव्याची धग. धान्याचे कोंब वर येत होते आणि टेप भाजून निघत होती. मी रोज तिच्याकडे बघत होते, आणि नवी माळ चढवताना सासूबाई म्हणायच्या, "यंदा धान किती छान आलंय बघ."

दसऱ्याला घट उठला आणि मी टोक उचललं. पुढचं सांगितलंच आहे. चौकटीवर डिंकाचे काळपट डाग, आणि चॉकलेटी रंग सुटला होता तिथं मधूनमधून आप्पांचा चौदा वर्षांपूर्वीचा निळा.

हर्षद चहाचा कप घेऊन बघायला आला. "भिंतीला खरूज झालीय," म्हणाला.

"तू गप्प बस," सासूबाई म्हणाल्या. "पडदा आण. तो हिरवा, लांब असलेला."

आम्ही पडदा लावला. तो कड झाकायचा, पण पंखा लावला की उडायचा आणि कुरतडलेलं सगळं दिसायचं. पंखा बंद केला. दहा मिनिटांत तिघंही घामाघूम. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सासूबाईंनी ते पाहिलं आणि नुसतंच पुऱ्यांचं पीठ माझ्या पुढ्यात सरकवलं.

बाराला पाच कमी असताना आप्पा आले. पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी, हातात आपट्याच्या पानांची पिशवी. आले आणि पायरीवर थांबले.

"या, आत या," सासूबाई म्हणाल्या.

"हितं बरं हाय, बाई. वारं येतंय."

हर्षदनं पुढं होऊन त्यांना सोनं दिलं, पाया पडला. मी पाया पडले. आप्पांनी डोक्यावर हात ठेवला आणि पायरीवर बसायला वाकले. झालं. आत ताटं मांडलेली, श्रीखंडावर केशर घातलेलं, आणि हा माणूस पायरी झाडून बसतोय.

सासूबाई दारात तशाच उभ्या होत्या. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा आप्पांकडे.

"तुमच्या लेकीनं आमच्या भिंतीची वाट लावलीय," त्या म्हणाल्या.

मला धरणी दुभंगावी असं झालं.

आप्पा अर्धवट वाकलेले, तसेच थांबले. "कुठल्या भिंतीची?"

"समोरच्या. खिडकीपाशी. इथून नाही दिसायची, मी पडदा लावलाय. बघायची असेल तर आत यावं लागेल."

आप्पांनी चपला काढल्या आणि आत आले. इतकं सरळ. आठ महिने जे झालं नव्हतं ते चार पावलांत झालं. माझ्याकडे न बघता त्यांनी पडदा सारला, चष्मा कपाळावर चढवला आणि कडेवरून अंगठा फिरवत वरपासून खालपर्यंत आले.

"टेप लावलीस?"

"हो."

"किती ठेवलीस?"

"नऊ."

"नऊ तास?"

"नऊ दिवस, आप्पा."

आप्पा वळले. मी आयुष्यात त्यांना इतकं थक्क झालेलं पाहिलं नव्हतं. "नऊ दिस? का गं? टेप हुती का लोणचं?"

हर्षद फिसकन हसला. सासूबाई पुढं आल्या. "दोष माझा आहे. घट बसला होता. हिनं सांगितलं होतं काढायची म्हणून. मीच हात लावू दिला नाही."

"घट हुता?" आप्पांनी क्षणभर विचार केला. "मग बराबर हाय तुमचं. घटावर काय पडता कामा न्हाई. पण टेप वलीवलीच काढायची असती, बाई. रंग वाळला की भित आन टेप एकच हुती."

"आम्हाला काय माहीत? पोस्टात आम्ही तिकिटं चिकटवली. काढली कधी नाहीत."

आप्पांचा हात सवयीनं मागच्या खिशाकडे गेला. तिथं खरवडायची पट्टी असते, रोज. आज इस्त्रीची रिकामी पँट. हात तसाच परत आला, आणि मग त्या दोन्ही हातांचं काय करावं हे त्यांना कळेना. एकदा मागे बांधले, एकदा पुढे. सासूबाईंनी खुर्ची ओढली.

"बसा."

आप्पा खुर्चीकडे बघत राहिले.

"आता एकदाच सांगा," सासूबाई म्हणाल्या. काउंटरवरचा आवाज. "आमच्या खुर्च्यांचं काय वाकडं आहे?"

"तुमचं न्हाई हो, बाई. आमच्या वस्तादांचं हाय." आप्पांनी टोपी काढून हातात घेतली. "त्यांनी शिकवलंय, कामाच्या घरात बसायचं न्हाई. बसलं की हात ढिला पडतो, घरवाल्याची नजरबी बदलती. चहा पायरीवर, भाकर पायरीवर. हे घर म्या रंगवलंय. माझ्या डोक्यात ते कामाचंच घर हाय, त्याला मी काय करू?"

"म्हणजे चौदा वर्षांपूर्वी तुम्ही आत चहा घ्यायचा नाहीत तो यामुळं?"

"हां."

"मला वाटायचं तुम्हाला आमचा चहा आवडत नाही."

आप्पांनी टोपी हातात फिरवली. "पातळ असायचा," म्हणाले. "पण त्यामुळं न्हवं."

मग सासूबाई हसल्या. त्यांना असं हसताना मी आठ महिन्यांत पाहिलं नव्हतं. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "हर्षदचे बाबा हेच म्हणायचे," त्या कशाबशा म्हणाल्या. "हेच म्हणायचे."

मग डोळे पुसून म्हणाल्या, "आज काम आहे का तुमचं इथं?"

"न्हाई."

"हत्यारं?"

"पूजेत."

"मग बसा की."

आप्पा बसले. फोटो स्टुडिओत बसल्यासारखे, खुर्चीच्या टोकावर, ताठ. हर्षदनं पंखा लावला. पडदा उडाला, आणि जेवण होईपर्यंत ती कुरतडलेली कड सगळ्यांसमोर होती. कुणी ती पुन्हा झाकली नाही.

जेवण झाल्यावर आप्पा मागं मोरीपाशी हात धुवायला आले. मी पाणी घालत होते.

"सारू," ते हळूच म्हणाले, "कड सरळ आली असती ना, तर मला जेवण गेलं नसतं."

"का?"

"म्हटलं असतं, पोरीला हितं अजून परीक्षाच द्यावी लागतीया."

माझ्या हातातला तांब्या वाकडा झाला, पाणी त्यांच्या पायावर गेलं. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत.

"वस्ताद म्हणायचे ते खरंच हाय," ते म्हणाले. "पण मी आत येत न्हवतो ते निराळं. आत आलो असतो आन तू घाबरून वावरताना दिसली असतीस, तर काय केलं असतं मी? म्हणून आपली पायरी बरी."

"आणि आज?"

"आज?" त्यांनी माझ्या हातातला टॉवेल घेतला. "भितीची पार वाट लावलीस, आन सासू हसतीया. अजून काय बघायचं?"

आतून सासूबाईंची हाक आली, "व्याही, विडा घेणार का?" आणि आप्पा "आलो, विहीणबाई," म्हणत गेले. ते नातं त्यांच्या तोंडी मी पहिल्यांदा ऐकलं, आणि तेही तोंड पुसता पुसता, जसं काही वर्षानुवर्षं तसंच म्हणत होते.

याला आता सहा वर्षं झाली. त्या खिडकीखाली आता माझी लेक दुपारची झोपते, आणि तेवढ्या तासात मी हे लिहितेय. चौकटीवर ती फुलपाखरांचे स्टिकर चिकटवते. ते मी खोबरेल लावून सोडवते. डिंकाला खोबरेल लावायचं हे आप्पांनीच दुसऱ्या दिवशी दाखवलं.

कारण दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले. हत्यारं पूजेतून उठली होती. हातात कागदात गुंडाळलेला एकच ब्रश होता, त्यांचा स्वतःचा, दीड इंची, केस झिजून तिरके झालेला. तो त्यांनी माझ्या हातात दिला.

"आज तर काम आहे," सासूबाईंनी टोकलं. "आज पायरीवर का?"

"काम पोरीचं हाय," आप्पा म्हणाले आणि खुर्ची स्वतः ओढून घेतली. "मी व्याही."

सकाळभर मी डिंक पुसला, कुरतडलेली भिंत खरवडली, खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, वाळल्यावर पॉलिश पेपर मारला. आप्पा बसल्या जागेवरून तोंड चालवत होते. "घास घास. अजून. बोट फिरवून बघ, डोळ्यावर इस्वास ठेवू नको." सासूबाई मध्येच येऊन विचारायच्या, "ही पांढरी म्हणजे चुना का?" आणि आप्पा त्यांना लांबी, प्रायमर, हात असं सगळं समजावून सांगायचे. चहा दोनदा झाला. दुसरा चांगला दाट होता. त्यावर दोघांपैकी कुणीच काही बोललं नाही.

जेवणं उरकल्यावर मी स्टुलावर चढले. टेप नव्हती. ब्रश भिंतीच्या पिवळ्यात बुडवला, डब्याच्या काठाला निथळवला, कडेपासून बोटभर लांब टेकवला.

"घाई नको," आप्पा म्हणाले.

मी श्वास सोडत सोडत पहिली रेघ ओढली. वरची कड झाली. डावी झाली. हात मध्ये एकदा हलला, मी थांबले, ओल्या फडक्यानं पुसलं आणि पुन्हा ओढली. मागून कुणी काही म्हणालं नाही. आप्पा गप्प म्हणजे काम बरं चाललंय, हे मला लहानपणापासून ठाऊक. उजवी कड अर्ध्यावर आली तेव्हा मात्र राहवलं नाही.

"आप्पा, बघा की. सरळ आहे ना?"

मी वळून पाहिलं. आप्पा खुर्चीत मागे रेलून झोपले होते. मान एका बाजूला, तोंड किंचित उघडं, पंख्याच्या वाऱ्यानं पांढरे केस हलत होते. मांडीवरची टोपी घसरत घसरत गुडघ्यापर्यंत आली होती.

सासूबाई स्वयंपाकघरातून पाय न वाजवता आल्या. टोपी पडायच्या आत उचलून त्यांनी टेबलावर ठेवली, खिडकीचं एक दार लोटून आप्पांच्या तोंडावरचं ऊन अडवलं, आणि माझ्याकडे बघून हातानंच खूण केली, चालू दे तुझं.

मी ब्रश पुन्हा बुडवला आणि उरलेली कड हळूच, आवाज न करता, खालपर्यंत आणली.